नीरफणसाखालचे पंतप्रधान

फांगाले,
१२ फेब्रुवारी १९८६

प्रिय नोकिसेमामा,

रेडिओवर ऐकलंच असेल. तुमचा भाचा तावालोआचा पंतप्रधान झाला. सहा विरुद्ध पाच.

माझ्याविरुद्ध उभ्या असलेल्या फालानीची खात्री होती की ते सहा त्याचे आहेत. त्याने आदल्या दिवशीच अख्ख्या सभेला जेवणाचं आमंत्रण देऊन डुक्कर भाजायला लावलं होतं. निकाल लागला आणि बिचाऱ्याची पंचाईत झाली. बोलावलेल्यांना उपाशी परत पाठवणं आपल्यात कुणाला जमलंय? मानाच्या पाहुण्याला डोकं वाढायचं, आणि आता मानाचा पाहुणा मी. माझ्या पानात त्याने ते स्वतः वाढलं. म्हणाला, "खा, खा. पुढच्या वेळी मी खाईन." मी म्हटलं, "पुढच्या वेळी डुक्कर निकालानंतर मार."

सहावं मत नुकुलेया बेटाच्या तोमासीचं. त्याला कसं वळवलं ते भेटीत सांगेन.

पंतप्रधानाची खुर्ची म्हणजे इंग्रज मागे ठेवून गेले ती उंच पाठीची. तिच्यात बसलं की आपोआप आवाज जड होतो. तुमची भाचेसून मेले म्हणते, घरीही आता तसाच बोलतोस, मीठ मागतोस तेही ठराव मांडल्यासारखं. तिचं मनावर घेऊ नका.

आपल्या निऊतासीच्या खडकातली वाट मी विसरलेलो नाही. प्रचारात शब्द दिला तो दिला. प्रवाळ फोडून जहाजाला आत यायला वाट करायची, हे काम माझ्या डोक्यात सगळ्यात वर आहे. फक्त इंजिनियरांचा अहवाल यायचा आहे. तो आला की झालंच.

येणाऱ्या जहाजाने थोडा वाळवलेला कुपा मासा आणि पुलाकाचे कंद पाठवा. इथले पुलाका साबणासारखे लागतात.

तुमचा,
इसाला

•

निऊतासी,
२० मार्च १९८६

इसाला, पोरा,

पत्र ओलं मिळालं, वाचता आलं. अभिनंदन. तुझं नाव रेडिओवर आलं तेव्हा तुझ्या मामीने रेडिओलाच हार घातला. त्या दिवसापासून त्याचा आवाज जरा घोगरा येतो.

जहाज नेहमीसारखं खडकाबाहेर उभं राहिलं आणि आम्ही वल्ह्याच्या होड्यांतून माल आणला. पिठाची पोती लाटेने भिजली. गावात पाव भाजायच्या आधीच खारट असतो. धर्मगुरूंची नवी गादी होडीतून पडली आणि आमच्याआधी किनाऱ्याला लागली. ती आता तीन माणसांनी उचलायची झाली आहे. होडीवाल्या माविआच्या बायकोचा पाय खडक आणि होडीच्या मध्ये सापडला. तेइमानाने दवाखान्यात फळी बांधून दिली म्हणून पाय राहिला. तुझ्या अहवालाला म्हणावं, एकदा आमच्या होडीतून ये, म्हणजे वाटेतच लिहून पुरा होशील.

दुसरी बातमी वाईट आहे. आपला दुसरा सभासद, म्हातारा सेमू, गेला. दुपारी जेवून झोपला तो उठला नाही. सभेतही तो तसाच झोपायचा, त्यामुळे तुम्हा लोकांना फरक कळायला वेळ लागला असता, म्हणून कळवतो.

त्याच्या जागेसाठी पोटनिवडणूक आहे. गावातल्या वडीलधाऱ्यांनी बसून एकमताने माणूस ठरवलं. आपल्याच घरचं आहे. तुला लहानपणापासून ओळखणारं. बोलत कमी, आणि एकदा बसलं की हलत नाही. तुला आनंद होईल असं वाटतं.

कुपा पाठवला आहे. पुलाका पाठवायचे होते, पण ती होडी उलटली.

मामा

•

फांगाले,
२ एप्रिल १९८६

मामा!

नाव लिहायला एवढं कसलं लाजायचं? बोलत कमी, एकदा बसलं की हलत नाही, घरचं माणूस! मी मेलेला वाचून दाखवलं तर ती लगेच म्हणाली, "मामाच ते."

सेमू गेल्याचं वाईट वाटलं. पण तो गेल्यापासून आम्ही पाचास पाच झालो होतो. तुम्ही आलात की पुन्हा सहा. आणि सहावा साक्षात मामा! फालानी मला बाजारात भेटला तेव्हा मी त्याला म्हटलं, "आता माझ्या शेजारी असं माणूस येऊन बसणार आहे की तू तोंड उघडणार नाहीस." तो मासे निवडत राहिला.

मी कालच रेडिओवर भाषण केलं. तुम्ही ऐकलं असेल. "निऊतासीकरांनो, वडीलधाऱ्यांनी जे माणूस निवडलं आहे त्याला डोळे मिटून मत द्या. ते माझं रक्त आहे. त्याच्या शब्दाबाहेर मी नाही." नाव घेतलं नाही. सख्ख्या मामाची जाहिरात केली असं लोकांनी म्हणायला नको.

माझ्या शेजारची खुर्ची तुमच्यासाठी राखली आहे. तुमच्या कंबरेसाठी मेलेने उशी शिवायला घेतली.

तुमचा,
इसाला

ता. क. अहवाल अजून आलेला नाही.

•

निऊतासी,
९ मे १९८६

इसाला,

निवडणूक झाली. खरं म्हणजे झालीच नाही. तुझं भाषण ऐकल्यावर दुसऱ्या उमेदवाराने अर्ज मागे घेतला. म्हणाला, ज्याच्या शब्दाबाहेर पंतप्रधान नाही त्याच्याविरुद्ध उभं राहून मी काय करू?

आपला नवा सभासद म्हणजे माझी मुलगी तेइमाना.

तू नाव विचारलं नाहीस, मी सांगितलं नाही. तुझं पत्र आलं तेव्हा मामी म्हणाली, पोराचा गैरसमज झालाय, कळवा. मी म्हटलं, जहाज गेलं. ते तेव्हा दिसत होतं अजून, पण जातच होतं.

आता माझ्यावर चिडू नकोस. चुलत, मामे, मावस, आपल्यात सगळी बहीणच, हे काही मी शोधून काढलेलं नाही. लहानपणी तुम्ही दोघं एका डबक्यात खेकडे पकडायचात. तुला मिसरूड फुटलं त्या दिवसापासून तू तिच्यासमोर बसलेला नाहीस, बोललेला नाहीस. ती छपराखाली आली की तू उठून जातोस, आणि तेच योग्य आहे. ज्या पुरुषाला बहिणीसमोर उठायचं कळत नाही त्याला आपण माणसात धरत नाही. तिने कुणाकरवी काही मागितलं तर भावाने नाही म्हणायचं नसतं, हेही तुला माहीत आहे. वडीलधाऱ्यांनाही माहीत आहे. त्यांनी उगाच नाही तिला निवडलं.

ती नर्सची नोकरी सोडून येते आहे. दवाखान्याला कुलूप लावलं. कुणाच्या बाजूने बसणार ते तिने सांगितलं नाही. विणकाम बरोबर घेतलं आहे.

उशी तिला चालेल.

मामा

•

फांगाले,
१४ जून १९८६

मामा,

तुम्ही माझे मामा आहात म्हणून या पत्रात काही शब्द लिहीत नाही. ते कुठले ते तुम्ही ओळखा.

अधिवेशनाचा पहिला दिवस. मी नवा पोशाख घालून त्या खुर्चीत बसलो होतो. अंदाजपत्रक वाचत होतो. "आपल्या देशाचं भवितव्य..." इथपर्यंत आलो आणि तेइमाना पायरीवर दिसली. मी कागद ठेवला आणि उठलो. अध्यक्ष पेनिएली म्हणाले, "पंतप्रधान, कुठे निघालात?"

"बहीण आली."

"मग निघा," ते म्हणाले. म्हातारे आयुष्यभर धर्मगुरू होते. त्यांना वेगळं काही सुचलंच नाही.

आपलं सभाघर तुम्ही पाहिलंय. छप्पर आणि खांब, भिंती नाहीत. तरी छपराबाहेर ते बाहेर. मी अंगणातल्या नीरफणसाखाली पाठ करून उभा राहिलो. देशाचं भवितव्य अर्थमंत्र्यांनी पुरं केलं. त्यांना चष्मा लागतो आणि चष्मा घरी होता.

तेव्हापासून हे असंच चालू आहे. ती रोज सकाळी येते, खांबाला टेकून बसते आणि केवड्याच्या पातीची चटई विणते. बोलत नाही. मतही देत नाही. नुसती असते. मला विचारलेला प्रश्न अर्थमंत्री पळत झाडाखाली आणतात आणि माझं उत्तर पळत आत नेतात. त्यांचं वजन उतरलं. परवा फालानीने विचारलं, दवाखान्यांना डॉक्टर कधी मिळणार? त्यावर मागच्या प्रश्नाचं उत्तर पोचलं, "दोन पिंपं येतायत, त्यातलं एक गळकं आहे."

मी मध्ये चटई टांगून बघितली. चटईच्या अलीकडे मी, पलीकडे ती. अर्धा दिवस चर्चा झाली की चटई म्हणजे भिंत धरायची का. पेनिएलींनी निर्णय दिला, "चटई म्हणजे अंथरूण." आणि मला पुन्हा बाहेर पाठवलं.

माझं मत आत नाही, म्हणजे आम्ही चार आणि फालानी पाच. पुढच्या महिन्यात तो अविश्वासाचा ठराव आणतोय. त्या दिवशी ती आत असली तर मी गेलो. मामा, तिला सांगा, आजारी पडायला. किंवा सुवाला आपलं वकिलातीचं घर आहे, तिथे प्रतिनिधी म्हणून पाठवतो. समुद्र दिसतो, नोकर आहे, पुलाका बरे मिळतात.

आणि हे तुम्हाला कळेलच म्हणून सांगून टाकतो. अहवाल फेब्रुवारीतच आला होता. निऊतासीची वाट होण्यासारखी आहे. पण सुरुंग लावून खडक फोडणारं जहाज न्यूझीलंडहून एकाच हंगामासाठी येतंय. ते एकाच बेटावर काम करू शकतं, आणि ते मी तोमासीच्या नुकुलेयाला कबूल केलं आहे. सहावं मत ते तसं आलं होतं.

इसाला

•

निऊतासी,
१ जुलै १९८६

इसाला,

तुमची सभा आम्ही रोज रेडिओवर ऐकतो. तू बोलत असतोस, मग खुर्ची सरकल्याचा आवाज येतो, मग पावलं. इथे सगळी बायामाणसं टाळ्या वाजवतात. तेइमाना पोचली, म्हणतात. मामी त्यावरून तिची तब्येत ओळखते. उशीर झाला तर म्हणते, सर्दी झाली असेल.

जहाजाची गोष्ट मी वडीलधाऱ्यांना सांगितली. कुणी रागावलं नाही. माविआ म्हणाला, "नुकुलेयाला वाट कशाला? तिथे जहाज किनाऱ्याला टेकतं." तोमासीला वाटेचं काय करायचंय ते कुणाला कळेना. शेवटी ठरलं की त्याला ती नको आहे, फक्त आपल्याला मिळायला नको आहे. त्याची बहीण आपल्या गावात दिली होती, ते लग्न मोडलं, त्याचं हे.

तुझा निरोप तेइमानाला कळवला. आजारी पडायला ती तयार नाही. म्हणते, नर्सने खोटं आजारपण घेतलं तर रोग्यांनी काय करायचं. सुवाही नको. तिचा निरोप असा: "भावाला सांगा, मला स्वतःसाठी काही नको. गावाला वाट हवी. ती झाली की मी दवाखाना उघडायला परत जाईन."

आता हे तिने मागितलं आहे, आणि चार माणसांदेखत मागितलं आहे. पुढे तू आणि तुझी खुर्ची.

मामा

•

फांगाले,
२६ जुलै १९८६

प्रिय, प्रिय मामा,

रेडिओवर शब्द ऐकू आले असतील, पण चेहरे दिसले नसतील, म्हणून लिहितो.

ठरावाच्या दिवशी मी झाडाखाली निरोपाचं भाषण पाठ करत उभा होतो. फालानी उठला. त्याने घसा साफ केला. "अध्यक्ष महोदय, हा पंतप्रधान म्हणजे एक नंबरचा..."

"थांब," पेनिएली म्हणाले. "कुणासमोर बोलतोस?"

फालानीने वळून बघितलं. तेइमाना विणत होती.

"तिच्यासमोर? तिच्या भावाबद्दल?" पेनिएलींचा आवाज चढला. "तुझ्या आईने तुला हेच शिकवलं?"

सगळे सभासद जमिनीकडे बघायला लागले. फालानीच्या बाजूचेसुद्धा. त्याचा तर काळानिळा रंग झाला. माणूस वाईट नाही, ओघात विसरला. बहिणीच्या कानावर भावाची निंदा घालायची म्हणजे पिढ्यान्पिढ्या लोक घराला नावं ठेवतात. तो म्हणाला, "मग लिहून देतो."

"अविश्वासाची कारणं उभं राहून तोंडीच सांगायची. नियम आहे."

"मग यांना बाहेर जायला सांगा."

"सभासदाला बाहेर कसा काढू? तिने केलंय काय? विणतेय."

फालानी म्हणाला, "समजा, एक माणूस आहे..."

"त्या माणसाला बहीण आहे का?" पेनिएलींनी विचारलं.

"आहे."

"मग बस खाली."

मामा, मी झाडाला मिठी मारली! जोवर ती आत बसली आहे तोवर मी आत जाऊ शकत नाही, पण माझ्याविरुद्ध कुणी अवाक्षरही काढू शकत नाही. मध्ये ती पाणी प्यायला उठली. फालानी धावत उभा राहिला आणि "अध्यक्षमहोदयहापंतप्रधान" एवढं एका दमात म्हणाला, तेवढ्यात ती परत आली. त्याला उभं राहिल्याचं काहीतरी कारण द्यायला हवं होतं म्हणून त्याने पावसाबद्दल आभार मानले.

संध्याकाळी ती मेलेकडे येऊन गेली. मी अर्थात मागच्या दाराने बाहेर. जाताना मेलेला एवढंच म्हणाली, "वहिनी, बसून बसून पाठ भरून येते. किती दिवस जमेल देव जाणे."

मला समजलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी हुकूम काढला. खडक फोडणारं जहाज निऊतासीला येतंय. तोमासी त्याच क्षणी उठून फालानीशेजारी जाऊन बसला. बसू दे. आम्ही झाडासकट चारच उरलो, पण ठरावावर बोलणार कोण?

तिच्या पाठीला लावायला खोबरेल पाठवा, तुमच्या घाण्यावरचं. मागच्या पत्रातलं आजारपणाचं मनावर घेऊ नका. तिला नीट जेवायला सांगा.

तुमचा,
इसाला

•

निऊतासी,
३० ऑगस्ट १९८६

इसाला, पोरा,

जहाज आलं. सुरुंग उडाला की पाणी माडाएवढं चढतं आणि मेलेले मासे पोरंटोरं टोपल्यांनी गोळा करतात. गावात गेले कित्येक दिवस मासे विकत कुणी घेत नाही. धर्मगुरूंनी प्रवचनाची वेळ बदलली, कारण "शांतपणे ऐका" म्हटलं की हमखास स्फोट व्हायचा.

निम्म्याहून जास्त वाट फुटली आहे. गेल्या आठवड्यापासून काम मात्र बंद आहे. कप्तान सांगतो, यंत्राचा एक भाग मोडला, तो फांगालेहून यायचा आहे. तू जरा बघशील का?

कामापुरती वाट झाली की तेइमाना राजीनामा देऊन परत येणार, हे सगळ्यांना ठाऊक आहे. तिच्या दवाखान्याची चूल मामी रोज झाडून ठेवते. गळवं, ताप, बाळंतपणं, सगळं सध्या मामीच बघते, आणि तिच्याकडे सगळ्याला एकच औषध आहे, गरम दगडाचा शेक. ताप आलेल्यालाही शेकते.

मामा

•

फांगाले,
१८ सप्टेंबर १९८६

प्रिय मामा,

यंत्राच्या भागाबद्दल चौकशी केली. तो सहज मिळण्यासारखा नाही. मागवावा लागेल. ख्रिसमसपर्यंत येईल असं खात्याचं म्हणणं आहे, कदाचित ईस्टर. अशी कामं घाईने होत नाहीत.

इकडे देशाचं बरं चाललं आहे. मी झाडाखाली एक टेबल मांडलं, छपरासाठी झावळ्या टाकल्या. परदेशी पाहुणे तिथेच भेटायला येतात. ऑस्ट्रेलियाचा राजदूत म्हणाला, लोकांमध्ये बसून कारभार करणारा असा पंतप्रधान मी पाहिला नाही. मी त्याला शहाळं दिलं. फालानीने महिन्यात तीनदा ठराव लावला आणि तीनदा पावसाबद्दल आभार मानले. पाऊस पडलेला नाही.

तेइमानाची तब्येत उत्तम आहे. मेले तिला रोज डबा पाठवते. ती आणखी वर्षभर सहज बसेल असं मला वाटतं.

इसाला

•

निऊतासी,
७ ऑक्टोबर १९८६

इसाला,

कप्तान माझ्याकडे संध्याकाळी माडी प्यायला येतो. भला माणूस आहे, दुसऱ्या करवंटीनंतर खोटं बोलता येत नाही त्याला. म्हणाला, "यंत्राला काय धाड भरली आहे? फांगालेहून हुकूम आहे, थांबा म्हणून."

मी हे गावात कुणाला सांगितलं नाही. लाज वाटली.

वाट अर्धी फोडून ठेवली की काय होतं ते तुला माहीत नसेल, तू झाडाखाली असतोस. आधी लाट खडकावर फुटायची. आता ती त्या अर्ध्या घळीत शिरते आणि होडी आडवी करते. परवा माविआची होडी उलटली. तो आणि त्याचा भाऊ खडकाला धरून राहिले, दोन होड्यांनी जाऊन त्यांना सोडवलं. माविआच्या खांद्याचं हाड निखळलंय. बसवायला इथे कुणी नाही. मामी शेकते आहे.

तेइमानाला मी हे कळवलेलं नाही. कळवलं तर ती तुझी खुर्ची राखत तिथे बसणार नाही, आणि तू हुकूम मागे घेतलास तरी बसणार नाही, कारण वाट पुरी झालेली असेल. म्हणजे दोन्हीकडून तू जातोस. तेव्हा कसं जायचं एवढंच तुझ्या हातात आहे.

तिने मागितलं होतं, इसाला.

मामा

•

फांगाले,
२१ ऑक्टोबर १९८६

मामा,

पत्र वाचलं. मेलेने माझ्याआधी वाचलं होतं. माझ्यापुढे ठेवून ती स्वयंपाकघरात गेली आणि आज मीठ मागितलं तर मिळणार नाही असं म्हणाली.

मी कप्तानाला बिनतारी संदेश पाठवला: यंत्राचा भाग मिळाला, काम आजच सुरू करा.

माविआसाठी सरकारी बोटीने डॉक्टर पाठवतो आहे. इथे तो एकच आहे, त्यामुळे फांगालेकर माझ्या नावाने ओरडतायत. ओरडू देत. ओरडणारे सगळे पुरुष आहेत आणि तेइमानासमोर ओरडता येत नाही, म्हणून बाजाराच्या पलीकडच्या टोकाला जाऊन ओरडतात.

मी मेलेकरवी तेइमानाला सगळं सांगितलं. मोडलेल्या भागाचंही. ती मेलेला म्हणाली, "वहिनी, माझ्यासमोर त्याच्याबद्दल असं नका बोलू."

वाट पुरी झाल्याची तार येईल त्या दिवशी ती जाईल. त्यानंतरच्या सोमवारी मी आत जाऊन खुर्चीत बसेन. फालानी सोमवारीच उभा राहील. त्याचं भाषण आता एकशेचाळीस पानांचं झालंय असं ऐकतो. बोलू दे. पाच महिने कोंडलंय त्याला.

इसाला

•

निऊतासी,
२ डिसेंबर १९८६

इसाला, पोरा,

तू हरलास हे कप्तानाच्या बिनतारीवर कळलं. तू विचारणार नाहीस, पण गावात काय झालं ते सांगतो.

जहाज वाटेतून आत आलं. थेट आत. माझ्या आयुष्यात पहिल्यांदा मी जहाजाच्या अंगाला हात लावला. पिठाची पोती कोरडी उतरली आणि पाव खाऊन पोरं म्हणाली, याला चवच नाही. आता मामी पिठात मीठ घालते. तेइमाना पायऱ्यांवरून चालत उतरली आणि तशीच दवाखान्यात गेली. डॉक्टरने माविआचा खांदा बसवला होता, तिने तो तपासला आणि तुझ्या मामीला शेकायची बंदी केली.

सोमवारी फालानीचं भाषण सुरू झालं. पहिलं वाक्य येताच तेइमाना दवाखान्यातून उठली आणि पलीकडच्या किनाऱ्याला गेली. तिने ऐकू नये म्हणून. ती निघाली म्हणून तिच्यामागून सगळ्या बायका निघाल्या. पुरुष राहिले. पण फालानी काही थांबेना. जेवणाची वेळ झाली तरी बोलतोय, अजून तू निवडूनच आला नव्हतास तिथपर्यंत पोचला होता. मग आमच्या रेडिओचे सेल संपले. म्हणजे बायकांना तुझे दोष मुळीच माहीत नाहीत आणि पुरुषांना फक्त सुरुवातीचे. मोडलेल्या भागाचं पुढे कुठेतरी असणार. ते इथे कुणी ऐकलं नाही. सेल पुढच्या जहाजाने येतील, तोवर भाषण जुनं होईल.

तू अजून सभासद आहेस, सभेच्या दिवसांत जा. एरवी मेलेला घेऊन घरी ये. लाजू नकोस. वाटेच्या तोंडाशी एक माणूस हवा आहे. भरती-ओहोटी बघायची, लाट बघायची आणि जहाजाला निशाण दाखवून आत घ्यायचं. वडीलधाऱ्यांच्या बैठकीत मी तुझं नाव सुचवलं. सगळे हो म्हणाले. माविआने दुखरा हात वर केला, मग ओरडला, मग दुसरा केला.

एकच अडचण निघाली. तेइमाना आठवड्यातून एकदा शेजारच्या बेटावर रोगी बघायला होडीने जाणार. तिच्या होडीला तू निशाण कसं दाखवणार? त्यावर बरीच चर्चा झाली. ठरलं असं की तिची होडी दिसली की तू पाठ फिरवायचीस आणि निशाण खांद्यावरून मागे दाखवायचं. डावं-उजवं उलटं होईल, पण ती म्हणाली, तिला समजेल.

मामा